बीकरचा कान

आश्लेषाने भट्टीतून बीकर बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला तोच टक् असा आवाज झाला. बीकरला कानासारखी जोडलेली हिरवी बांगडी सांध्यापाशी तडकली आणि तिचे दोन तुकडे टेबलावर पडले.

"वाढली," मागून बाबा म्हणाले.

"फुटली, बाबा. इट ब्रोक. तिसऱ्यांदा!"

"बांगडीला फुटली म्हणू नये."

आश्लेषाने चिमटा आपटला. ॲन आर्बरच्या विद्यापीठात ती प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवत असे. भले भले प्रोफेसर तिच्यापुढे मुकाट उभे राहत, पण श्रीरामराव त्यांतले नव्हते. आयुष्यभर मोटारींचे पंप डिझाइन केलेला हा माणूस न्यू जर्सीतल्या एडिसनहून मुलीकडे आल्यापासून रोज तिच्या वर्कशॉपमध्ये येत होता आणि तिच्या खांद्यामागे उभा राहून सूचना करत होता.

"जरा जास्त तापवून बघ ना."

"तापवताना काही प्रॉब्लेम नाहीये. थंड होताना आहे."

"मग हळू थंड कर."

"रात्रभर थंड केलंय!"

"मी काल एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक माणूस..."

"डोन्ट. प्लीज."

हट्ट बाबांचाच होता. आई, म्हणजे सुलेखा, न्यू जर्सीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होती. निवृत्त होताना तिने एक कोरा बीकर घरी आणला आणि पुढे भाताचं आधणसुद्धा त्यातच मोजलं. उकळतं पाणी ओतताना दर वेळी बोटं भाजायची आणि दर वेळी ती म्हणायची, याला एक कान असता तर बरं झालं असतं. शनिवारी तिचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी तिच्या फोटोपुढे पाणी ठेवायचं ते त्याच बीकरमध्ये, आणि त्याला कान असणार तिच्याच बांगडीचा, असं श्रीरामरावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

हे जमणं कठीण आहे, असं आश्लेषाने फोनवरच सांगितलं होतं. बीकरची काच कितीही तापवा, फारशी फुगत नाही. बांगडीची काच मात्र तापली की फुगते आणि निवताना भराभर आकसते. गरम असेपर्यंत दोघी एकमेकींना घट्ट धरून बसतात. थंड व्हायला लागल्या की एक आकसते, दुसरी जागची हलत नाही, आणि मग त्या ओढाताणीत सांधाच तडकतो. हे सगळं ऐकून घेऊन बाबा म्हणाले होते, "काच ती काच. तू एक्स्पर्ट आहेस ना?"

"एपॉक्सीने चिकटवते," ती आता म्हणाली. "टू मिनिट्स. कुणाला कळणार पण नाही."

"चिकटवलेली वस्तू तुझ्या आईने कधी घरात ठेवली नाही."

त्यांनी शांतपणे स्टीलचा डबा उघडला, पेपर नॅपकिनात गुंडाळलेली आणखी एक बांगडी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "घे."

या शांतपणानेच तिचं डोकं सगळ्यात जास्त फिरत होतं. आईच्या हातातली बांगडी आपण फोडली, या विचाराने काल पार्किंगमध्ये गाडीत बसून ती रडली होती. आणि हा माणूस वाढली म्हणतो, थर्मासातला चहा ओतून घेतो आणि पुढची बांगडी काढतो! याला काही वाटतं की नाही?

आईची आणखी एक बांगडी अशी अंदाजाने घालवायला ती तयार नव्हती. तिने जुन्या कपाटाचे खण उपसले आणि मधल्या जातीच्या काचांच्या कांड्या शोधून काढल्या. एक बीकरपेक्षा थोडी जास्त फुगणारी, दुसरी पहिलीहून थोडी जास्त, असं करत करत बांगडीपर्यंत पोचायचं. प्रत्येक जोडीचं आधी एकमेकींशी जमतं का, हे बघावं लागे. दोन काचा ज्योतीवर शेजारी शेजारी वितळवायच्या आणि ओढून केसासारखा धागा काढायचा. निवल्यावर धागा सरळ राहिला तर जमलं, वाकला तर नाही. बांगडीशी जुळणारी काच शोधायला तिने शेवटच्या तुटक्या बांगडीचे तुकडे वापरले आणि धाग्यांनी टेबल भरून टाकलं. बाबा वाकलेले धागे उचलून उजेडात धरत आणि प्रत्येकावर मत देत. ती पुढचा धागा ओढायला घेई.

गुरुवारी दुपारी तिने पुन्हा भट्टीचं दार उघडलं. बीकर टेबलावर ठेवला. दोघंही सांध्याकडे बघत उभी राहिली. काहीच झालं नाही. तिने सांध्यावर नखाने टिचकी मारली. मग बांगडीत बोट अडकवून बीकर उचलला आणि किटलीतलं उकळतं पाणी त्यात ओतलं. कान जागच्या जागी होता. आश्लेषाला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसायला लागली.

"झकास!" बाबा म्हणाले. "आता खरी लाव."

"खरी? म्हणजे?"

श्रीरामरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची एक पिशवी काढली. तिच्यावर हॉस्पिटलची चिठ्ठी होती, चिठ्ठीवर आईचं नाव. आत चार हिरव्या बांगड्या होत्या. पिशवीची पट्टी अजून उघडलेलीही नव्हती.

"आणि मग या कुठल्या?" तिचा आवाज चढला.

"ओक ट्री रोडवरच्या दुकानातल्या. डझनभर घेऊनच आलो होतो. तू एक-दोन वाढवणार हे काय मला ठाऊक नव्हतं? ट्रायल पीस नको?"

"ट्रायल पीस सेम मटेरिअलचा लागतो, बाबा!" ती ओरडलीच. "या बांगडीशी जमलं म्हणून त्या बांगडीशी जमेल असं नसतं! वेगळी भट्टी, वेगळी काच! तुम्ही इंजिनिअर आहात ना?"

ट्रायल पीस त्याच मटेरिअलचा हवा, हे श्रीरामरावांनीच नोकरीभर हाताखालच्या लोकांना ऐकवलं होतं. ते स्टुलावर बसले. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "मग आता?"

"आता त्यातली एक फोडून तिचा धागा काढून बघावा लागेल. पण राहू दे. हाच कान ठेवू या. ॲक्चुअली छान दिसतोय. कुणाला कळणार आहे?"

"मला."

त्यांनी पिशवी उघडायला घेतली, पण पट्टी सहज निघेना. त्यांनी तिची कात्री मागितली नाही, नखाने कोपरा सोडवत बसले. हॉस्पिटलातून आल्यापासून हा माणूस ही पिशवी खिशात घेऊन हिंडत होता आणि आपल्याला मात्र बाजारच्या बांगड्या काढून देत होता, हे आश्लेषाच्या आता कुठे लक्षात आलं. तिचा राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढायचा हे तिला कळेना.

"द्या इकडे. मी करते," ती म्हणाली.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. एक बांगडी काढून रुमालात ठेवली, चारी टोकं दुमडली आणि रुमाल दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग अंगठे दाबले. रुमालातून अगदी बारीक आवाज आला.

आश्लेषा त्यांच्या नेहमीच्या शब्दाची वाट बघत होती. त्यांनी रुमाल उलगडून तिच्यापुढे धरला. तिने त्यातला एक तुकडा चिमट्याने उचलला, ज्योत पेटवली, डोळ्यांवर गॉगल ओढला.

"वाढली, बाबा," ती म्हणाली.

श्रीरामरावांनी मान डोलावली आणि स्टूल उचलून ते तिच्या खांद्यामागून दूर, भिंतीपाशी जाऊन बसले.