हंड्याची चावी

आमचा हंडा रिकामा असला की आम्ही श्रीमंत, भरला की कंगाल. समुद्राच्या तळाशी बसवलेला सिमेंटचा पोकळ गोळा तो. वारा जोरात असला की पवनचक्क्यांच्या जास्तीच्या विजेवर आम्ही त्यातलं पाणी उपसून टाकतो आणि वारा पडला की त्याचं तोंड उघडतो. मग समुद्र असा आत घुसतो की जनित्र गरगरा फिरून वीज परत देतं. सांगायला सोपं. प्रत्यक्षात खारं पाणी केबलचे जोड खातं, शिंपले तोंडाच्या जाळीवर संसार थाटतात आणि ते खरवडायला कुणाला तरी खाली जावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे माझा नवरा. तोंड उघडायचं बटण माझ्या टेबलावर.

म्हणून त्यानेच एक नियम केला होता. बटणाला कुलूप, कुलपाला एकच चावी आणि खाली जाणाऱ्याने ती गळ्यात घालून जायचं. चावी वर, म्हणजे माणूस वर. पण पाणबुड्याच्या पोशाखात ती टोचते म्हणून स्वारी माझ्याच हातावर ठेवून जायची. तुझ्याकडे असली काय नि माझ्याकडे असली काय, एकच, म्हणायचा. मीही सुखावून पर्समध्ये टाकायचे.

त्या दुपारी पाहुणे आले होते. धक्क्यावरचा बर्फाचा कारखाना पहिल्यांदाच फक्त आमच्या हंड्यावर चालणार होता आणि वारा बोलावल्यासारखा पडला होता. साहेब येरझाऱ्या घालत होते. पण नवरा जाळी साफ करायला उतरला होता आणि त्याला घेऊन गेलेल्या बोटीचा वायरलेस मुका झाला होता. घाम पुसायला पर्समधून रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर चावी टेबलावर पडली.

साहेबांचा चेहरा उजळला. चावी आली म्हणजे तो वर आला, उघडा, म्हणाले. मी म्हटलं, आधी बोटीशी बोलू. मग म्हटलं, मीटर पुन्हा बघते. पाहुणे निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत माझ्याकडे बघत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोलले तर दोघांची नोकरी जाणार, गप्प राहिले तर हंडा त्याला जाळीवर चिरडणार. तेवढ्यात साहेबांनी स्वतःच चावी कुलपात फिरवली. मी बटण पंजाने झाकलं.

"तो खाली आहे," मी म्हणाले. "चावी तो मला देऊन जातो. नेहमीच."

पत्रिका हलायच्या थांबल्या. मी चावी काढून मुठीत धरली. पाहुण्यांना चहाला नेलं, कारखाना पुन्हा जुन्या लाइनवर गेला. साहेब हळू आवाजात म्हणाले, उद्यापासून दोघांनीही येऊ नका. त्यांचं काही चुकलं नाही.

बऱ्याच वेळाने वायरलेस खोकला. बोटवाला सांगत होता, आत्ताच वर आलाय, जाळीत हात अडकला होता. मी सगळ्यांसमोर रडले.

तो आला तो हाताला फडकं गुंडाळून, ओल्या केसांनी, दारातूनच विचारत, "चालला का कारखाना?"

नोकरीचं नंतर सांगता येणार होतं. चावी अजून माझ्या मुठीतच होती. मी ती त्याच्या गळ्यात घातली.

"टोचतेय गं," तो म्हणाला.

"टोचू दे."