नारिंगी चकती

हिल्काला त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून एकदाचं उठवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. बाकी फ्रिस्बी गोल्फ वगैरे नुसतं निमित्त. माझा गुडघा कामातून गेलेला आणि नेम तर कधी नव्हताच. पण माझा भाऊ औलिस गेल्यापासून त्याची ही बायको तीन वर्षं खिडकीत बसून होती, आणि बघत काय होती, तर अंगणातली लोखंडी टोपली. औलिसनं सरावासाठी रोवलेली; खऱ्या मैदानावर अशा अनेक असतात, एक खेळून झाली की पुढची. खांबावर टोपली, तिच्या वर साखळ्यांची झालर. फेकलेली फ्रिस्बीची चकती साखळ्यांवर आदळली की खळ्ळकन वाजते आणि टोपलीत पडते. तीन वर्षांत ती वाजली नव्हती.

औलिस गेला तो उत्तरेला, सोदानक्युलाच्या मैदानावर, नदीकाठी. गाडी नीट लावलेली, बाकावर पिशवी, शेजारी बूट, बुटांत मोजे खोचलेले. चकती पाण्यात गेली असणार आणि हे महाशय ती काढायला उतरले असणार. मे महिन्यातलं पाणी, बर्फ नुकतं फुटलेलं. दुसरा कुणी म्हणाला असता, मरू दे, दुकानात शंभर मिळतात. याला ते कुठलं जमायला. नदीनं त्याला परत दिलंच नाही. चर्चमध्ये घंटा वाजली, पण पुरायला काही नव्हतं.

त्याचा फोन पिशवीतच होता. हिल्का तो रोज चार्ज करायची. मी ओरडायचे, अगं, मेलेल्या माणसाचं बिल कशाला भरतेस. पण कारण होतं. आमच्याकडे प्रत्येक खेळाडू चकतीच्या पोटाला आपलं नाव आणि नंबर लिहितो. झाडीत हरवलेली चकती कुणाला सापडली, की तो निरोप धाडतो: तुमची चकती मिळाली, काय करू? पहिल्या वर्षी औलिसच्या नावाचे असे कितीतरी निरोप आले, जुन्या हरवलेल्या चकत्यांचे. हिल्का सगळ्यांना लिहायची, ठेवा तुम्हालाच. मग हळूहळू ते थांबले.

या मे महिन्यात पुन्हा सुरू झाले. पहिला सोदानक्युलाहून आला. नारिंगी चकती, नदीपासून थोडी वर, गवतात. आठवड्याभरानं कूसामोहून, नारिंगीच. मग कायानीहून.

मला वाटलं, देवानंच संधी दिली. मी म्हटलं, "हिल्का, जूनमध्ये युहान्नुसच्या सणाला गाडी काढू. पाचवा महामार्ग धरून सरळ उत्तरेला. वाटेत प्रत्येक मैदानावर खेळू, औलिसच्या चकत्या गोळा करू, आणि नदीवर जाऊन त्याला चार शिव्या घालून येऊ."

आणि काय आश्चर्य, ती हो म्हणाली. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. टाचण्या नव्हत्या, म्हणून शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली. जिथून निरोप आला तिथं एक बटण.

"गाडी तू चालवणार?" हिल्कानं विचारलं. "मग कूसामोला आपण नाताळात पोचू."

"आणि तू चालवलीस तर दवाखान्यात पोचू. गप बटणं लाव."

"कायानीच्या मैदानावर चढ आहेत हो, नणंदबाई. गुडघ्याचं काय करणार?"

"चढावरच्या टोपल्या तू खेळ. मी खाली बसून सॉसेज खाईन."

ती हसली नाही, पण कॉफी मात्र पुन्हा ओतून घेतली. मला तेवढंही पुष्कळ होतं. कुठं राहायचं, तंबू घ्यायचा की लाकडी घर भाड्यानं घ्यायचं, राय धान्याचे काळे पाव किती घ्यायचे, सगळं आम्ही ठरवत बसलो. एवढंच की निघायची तारीख काढली, की ती म्हणायची, "थांब गं जरा. अजून निरोप येतील."

आणि यायचे. पुढचा आला ईसाल्मीच्या जवळून. तो मीच घेतला, कारण हिल्का सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायला गेली होती. मी सरळ फोनच लावला. एस्को नावाचा माणूस होता, बोलायला भला.

"बाई, एक विचारू का?" तो म्हणाला. "हे तुमचे औलिस आमच्या इथं आले कसे? मैदान अजून उघडलंही नाही. शेवटचं झाड मी स्वतः गेल्या पंधरवड्यात पाडलं. मला वाटलं, आमच्याआधी कोण येऊन खेळून गेलं."

"झाडीत पडली होती का?"

"छे. मधोमध, मोकळ्यात. हरवलेली वाटतच नव्हती. आणि ओली होती. आमच्याकडे आठवडाभर पाऊस नाही."

मी त्याला फोटो मागितला. फोटो आला. अक्षर औलिसचं. कडेला चार खळगे, मुस्तीच्या दातांचे. मुस्ती म्हणजे त्यांचा कुत्रा, तोही आता नाही. ही चकती मी ओळखत होते. औलिसची सगळ्यात लाडकी. पोलिसांनी परत केलेली पिशवी कोठीच्या खोलीत होती. मी जाऊन उघडली. बाकी सगळ्या चकत्या जागेवर, कोरड्या. नारिंगी तेवढी नव्हती. तिच्याच मागं तो पाण्यात उतरला होता.

मग मी एकेकाला फोन केले. कूसामोच्या बाईनं ती कॉफीच्या दुकानात फळीवर ठेवली होती. "अहो, दुसऱ्या दिवशी बघते तर नाही. कुणीतरी उचलली असेल, माफ करा." कायानीच्या माणसाचंही तेच. गाडीच्या डिकीत टाकली होती, कुलूप लावून, आणि गायब. चार मैदानं, पण चकती एकच. मी टेबलाशी येऊन नकाशा बघितला. बटणं सरळ रेषेत खाली येत होती, महामार्गाच्या कडेकडेनं, आमच्या गावाच्या दिशेनं.

हिल्का ओल्या केसांनी दारात उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "कळलं तर तुला."

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या बटणालाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लगेच गाडी काढली असतीस. उलट्या दिशेनं." तिनं शांतपणे केस पुसले. "लोक उगाच उचलतात गं ती. आठवतं, तू पहिल्यांदा आमच्याबरोबर आलीस, आणि मैदानात पडलेली त्याची चकती उचलून 'ही बघा सापडली' म्हणत पळत आलीस?"

आठवत होतं. औलिस केवढा चिडला होता. नवखा माणूस हमखास ही चूक करतो. चालू डावातली चकती जिथं पडली तिथंच राहू द्यायची असते, खेळणारा चालत तिथं येतो आणि तिथूनच पुढची फेक करतो. कुणी उचललीच, तर पुन्हा होत्या जागी ठेवायची. औलिसनं त्या दिवशी गुडघ्यावर बसून गवतातली नेमकी जागा शोधली होती.

"तो खेळतोय, केर्तू," हिल्का म्हणाली. "लांबची फेक आहे, इतकंच. आणि दुसरा खेळत असताना आपण हलायचं नसतं. टोपलीत पडेपर्यंत गप्प उभं राहायचं."

खरं सांगते, मी घाबरले. भाऊ माझा होता, मी त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय, पण पाण्यातून निघून जो कुणी पाचव्या महामार्गानं घराकडे येत होता, तो मला नको होता. मला हिल्का हवी होती. रविवारी माझ्याकडे जेवायला येणारी, माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवणारी. मी बेत बदलला. उत्तर गेली खड्ड्यात. पश्चिमेला जाऊ, समुद्राकडे, तुर्कूच्या बाजूला, तिकडेही मैदानांना तोटा नाही. मी नव्या जागा काढल्या, मुक्काम ठरवले. हिल्का नकाशाकडे बघायची आणि मान डोलवायची. दरम्यान कुओपिओहून निरोप आला. मग व्हार्काउसहून. व्हार्काउस म्हणजे आमच्यापासून गाडीनं तासाभरावर.

त्याच दुपारी मी डिकी भरली आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. युहान्नुसचा आदला दिवस. गावात सणाच्या होळीची लाकडं रचत होते, लोक फाटकांना बर्चच्या फांद्या बांधत होते. उन्हं लख्ख होती.

"चल."

"केर्तू, आज नको."

"आजच. तीन वर्षं मी तुझं ऐकलं. आता एकदा माझं ऐक. तुला इथं सोडून मी जाणार नाही, आणि इथं राहणारही नाही. मला भीती वाटते, हिल्का. तू गेलीस तर मला कुणी उरत नाही."

मी असं कधी बोलत नाही. आमच्या घरात कुणीच बोलत नाही. मग खरंच ती उठली, स्टो बंद केला, जाकीट घातलं. आपली पिवळी चकतीही घेतली. तिच्याकडे तेवढी एकच होती, औलिसनं दिलेली. तिच्यावर 'हिल्का' लिहिलेलं आणि खाली नंबर त्याचाच, कारण ही बाई स्वतःचा फोन कधी जवळ ठेवत नसे. औलिसचा फोन तिनं टेबलावरच राहू दिला. मला वाटलं, जिंकले. ती गाडीत बसली, पट्टा लावला. मी किल्ली फिरवली.

मागं साखळ्या वाजल्या.

वारा नव्हता. फाटकावरची बर्चची पानंसुद्धा हलत नव्हती. अंगणात कुणी नाही, रस्त्यावर कुणी नाही. टोपलीत नारिंगी चकती होती, आणि तिच्यातून पाणी खाली गवतावर टपटपत होतं.

हिल्कानं पट्टा काढला. मी तिची बाही धरली. "उतरू नकोस. हिल्का, ऐक माझं, उतरू नकोस."

ती टोपलीकडे बघत होती आणि हसत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा, अगदी पूर्वीसारखी, नाक आक्रसून. "एका टोपलीला तीन वर्षं," ती म्हणाली. "काय हा खेळाडू. मी सांगत होते ना सगळ्यांना, याला काही येत नाही."

"येऊन गेला ना तो? झालं मग. आता चल."

"जाऊ कशी? पुढची टोपली आहे ना." तिनं माझी बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली. तिचा हात उबदार होता. "मागच्या टोपलीला ज्याच्या फेका कमी, पुढच्या टोपलीला त्याची पाळी आधी. त्याच्यापेक्षा कुणाच्याही कमीच असणार. म्हणजे माझी."

ती फाटकापर्यंत गेली, उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली आणि फेकली. सुंदर फेकली, हे मला कबूल केलं पाहिजे. चकती रस्त्याच्या वळणावरच्या स्प्रूसच्या झाडांना वळसा घालून गेली आणि ती तिच्यामागं चालत निघाली. घाई नाही, मागं बघणं नाही. मी ओरडले. गाडीतून उतरून पळाले, गुडघ्याची पर्वा न करता पळाले. वळणावर पोचले तर पुढचा सरळ रस्ता दिसेल तिथपर्यंत मोकळा होता. लंगडत परत आले, तेव्हा अंगणातली टोपली रिकामी होती आणि साखळ्या अजून हलत होत्या.

पोलिस आले, कुत्री आली, तळ्यात गळ टाकले. भल्या माणसांनी आपला सण सोडून रान तुडवलं. मी त्यांना सांगितलं, ती चालत उत्तरेला गेली. नारिंगी चकतीचं सांगितलं नाही. काय सांगणार होते?

मी तिच्याच घरात राहिले, तिच्याच खिडकीशी. औलिसचा फोन चार्ज करत राहिले. आता मला कुणी ओरडायला नव्हतं.

निरोप आला तेव्हा मी पाव कापत होते. व्हार्काउसच्या मैदानावरून. 'नमस्कार, पिवळी चकती सापडली आहे, हिल्का नाव आहे. माझ्या हातात आहे. दुकानात ठेवू का?'

माझ्या गाडीची डिकी अजून भरलेली होती. तासाभराची वाट. तो माणूस तिथं उभा होता, चकती हातात धरून. त्याला लिहायचं, धरून ठेवा, सोडू नका, मी आले. चकती मिळाली नाही तर हिल्का पुढं जाणार नाही, तिथंच शोधत थांबेल, आणि मी तिला मनगटाला धरून घरी आणेन. किल्ली मी हातात घेतलीसुद्धा. दारापर्यंत गेले. मग तिचं हसणं आठवलं, नाक आक्रसून केलेलं, आणि मी दारातच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. रडून झाल्यावर लिहिलं: 'ती हरवलेली नाही. त्यांचा डाव चालू आहे. जिथं होती तिथंच परत ठेवा, कृपा करून.'

मी पाव कापून संपवला.

मग फोन वाजला. 'माफ करा, मी या खेळात नवीन आहे. ठेवली होत्या जागी. तिच्याशेजारी आता एक नारिंगी पडली आहे, ओली. मघाशी नव्हती. तीही तुमच्यातलीच का?'

मी लिहिलं, हो.