भिंतचाटीचे एकोणीस उपयोग

विभागात त्याला सगळे ‘टाचण’ म्हणत. दुसऱ्यांच्या भाषणांची टाचणं तोच काढून देई आणि स्वतः मात्र सभेत कधी तोंड उघडत नसे. त्या आठवड्यात त्याच्या टेबलावर एक जाडजूड काम येऊन पडलं: ‘देशातील लोकवनस्पतिशास्त्राची सद्यस्थिती’. लोकांना झाडपाल्याविषयी काय ठाऊक आहे, हे शोधणारं ते शास्त्र. त्या शास्त्राला स्वतःविषयी काय ठाऊक आहे, हे मंत्रालयाला शुक्रवारपर्यंत हवं होतं.

त्यानं कपाट उघडलं. डांबरगोळ्यांच्या वासात एकोणीस प्रबंध शांत झोपले होते. चौथ्या प्रबंधापाशी तो थबकला आणि बाकीचे भराभर चाळले. अभ्यासाचं क्षेत्र कुठं डोंगर, कुठं खाडीकाठ, कुठं सीमेवरचं अरण्य. माहिती देणारी मात्र सगळीकडे ‘एक वृद्ध महिला, वय अंदाजे सत्तर’. अठरा वर्षं ती सत्तरीचीच होती. आणि प्रत्येक प्रबंधात ती एकदा तरी म्हणे, “आई सांगायची, पानाला विचारून पान तोडावं.”

हे वाक्य त्यानं लहानपणी, फुटलेल्या गुडघ्यावर पाला बांधून घेताना, रडत रडत ऐकलं होतं. ती त्याची आत्या होती.

आत्या विभागाच्या मागच्या भिंतीपलीकडे राहत असे. दौऱ्याची परवानगी यायला अकरा महिने लागत. मागच्या फाटकाला परवानगी लागत नसे. साऱ्या देशाची वनस्पतिविद्या त्या फाटकातून बाहेर पडून, आत्याकडे चहा घेऊन, जेवणाच्या सुट्टीआधी परत येत होती.

दुपारी तोही त्याच फाटकातून गेला. आत्या उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. किडका दाणा ती डोळ्यांनी नव्हे, बोटांनी वेगळा काढत होती.

“आत्या, ही भिंतचाटी,” त्यानं भिंतीच्या फटीतलं रोप दाखवलं. “खोकला, गुडघे, झोप न येणं, परीक्षेची भीती... एकोणीस प्रबंधांत हिचे एकोणीस उपयोग? खरे आहेत?”

“पहिल्या पोरीला खरंच सांगितलं होतं रे, की हिचा काही उपयोग नाही. ती रडायलाच लागली. म्हणे, रकाना रिकामा ठेवता येत नाही. म्हटलं, रडू नकोस बाई, लिही खोकला.”

“आणि दुसरा आला तो?”

“त्यालाही खोकलाच देत होते. तर म्हणतो, खोकला झालाय मावशी, नवीन काहीतरी सांगा. दिले गुडघे.”

“अगं, पण हे सगळं खोटं!”

“मग, दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवू? आणि उपयोग नाही कसा? एकोणीस जणांना डिग्री दिली हिनं. आईच्या झाडांना तेवढंही जमलं नाही.”

“आईची कुठली झाडं?”

आत्याची बोटं थांबली. टेकडीमागच्या ओढ्याकाठी तिच्या आईनं दाखवलेली अकरा रोपं होती. ती खरी होती. ताप उतरवणारी, वाहतं रक्त थांबवणारी.

“ती का नाही सांगितलीस कुणाला?”

“सांगून कळत नाहीत. दोन अगदी जुळ्या बहिणींसारखी दिसतात. एक औषध, दुसरी विष. बरोबर यावं लागतं. प्रत्येकाला म्हटलं, चल. प्रत्येकाला परवानगी नव्हती.” तिनं टोपली बाजूला सरकवली. “आता डॉक्टर म्हणतात, दिसतंय तोवर बघून घ्या. पुढच्या वर्षाचा भरवसा नाही.”

त्या संध्याकाळी त्यानं अहवालात भिंतचाटीपुढं लिहिलं, ‘उपयोग: नाही’. आणि जिवाचा हिय्या करून दौऱ्याचा अर्ज जोडला.

विभागप्रमुख बाईंनी दुसऱ्या दिवशी दोन्ही वाचलं. त्यांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत त्यांचा स्वतःचा प्रबंध होता. तो खोकल्यावर होता.

“‘नाही’? संगणक हे घेणारच नाही.”

“बाई, माहिती देणाऱ्या आजींना घेऊन ओढ्यावर जाता आलं, तर...”

“कुणाला घेऊन?” बाईंनी आवाज खाली आणला. “अहो टाचण, मागच्या अहवालात त्या वारल्या आहेत. ‘या ज्ञानाची अखेरची ज्योत मालवली’, माझंच वाक्य ते. त्यावर तर तातडीची जतन-योजना मंजूर झाली. आता त्यांना दौऱ्यावर कशा नेणार?”

“पण त्या जिवंत आहेत.”

“माहीत आहे मला. परवाच चहा घेतला त्यांच्याकडे.” बाई खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मग अवघडून म्हणाल्या, “डोळे कसे आहेत त्यांचे?”

त्यानं सांगितलं. बाईंनी ‘नाही’ खोडून ‘संशोधनाधीन’ लिहिलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसल्या.

“मग मला उद्याची रजा द्या,” तो म्हणाला. आपलाच आवाज ऐकून तो दचकला. “घरगुती कारण आहे. आत्याला फिरायला न्यायचंय.”

बाईंनी सही केली. “कारणात आत्या लिहू नका. मामा लिहा.”

ओढ्याकाठी जतन-योजनेचा भलाथोरला फलक उभा होता. त्याच्या पायासाठी नेमका तोच काठ खणला होता. आत्या वाकून, हुंगून, चाचपडत फिरली. अकरातली सहा सापडली.

त्यानं घाईघाईनं वही काढली.

“रकाने आहेत का हिच्यात?”

“नाही. कोरी आहे.”

“तरी ठेव बाजूला. आधी हात दे.” तिनं त्याचं बोट एका पानाच्या पाठीवरून फिरवलं. “लव लागली? ही औषधाची. तिची बहीण गुळगुळीत. तिला हात लागला तर ओढ्यात धुऊन टाक. कळलं? मग आता डोळे मीट आणि शोध.”

“डोळे मिटून?”

“मला लवकरच तसंच शोधायचंय. तू आधी शीक, म्हणजे मला सोबत होईल.”

त्यानं डोळे मिटले. दोनदा चुकला, दोनदा हात धुतले. तिसऱ्यांदा बोटाखाली ती बारीक लव आली. पान देठापाशी धरून तो क्षणभर थांबला, आणि ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात त्यानं पानाला विचारलं.