उजव्या नाकपुडीतली नथ

२०१६ साली एरो नावाचा फिनिश चित्रकार कुवेतला आला. मायदेशी त्याच्या गोठलेल्या तळ्यांच्या चित्रांना कुणी विचारेना, म्हणून इथे बायकांची चित्रं काढू लागला. कुवेतमधल्याच सलवा भागात राहणाऱ्या सुनेत्राला नथ-पैठणीतलं आपलं चित्र लेकीच्या लग्नात मांडायचं होतं. समोर बसवायचा कंटाळा, म्हणून या महाशयांनी ते तिच्या सेल्फीवरून उरकलं. तिच्या फोनच्या सेल्फीत डावं-उजवं उलटं पडतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“अहो, नथ उजवीकडे, पदरही उजव्या खांद्यावर!”

“अगं, मोठा कलाकार आहे तो,” तिचा नवरा अनुप म्हणाला.

“कसला डोंबलाचा कलाकार! माझी पार गुजराती विहीणबाई करून ठेवलीन!”

लग्नात चित्र मांडलंच नाही. लेक मस्कतला सुखात आहे. निवृत्तीनंतर दोघं पुण्याला परतली. चित्र सलवातच भिंतीकडे तोंड करून राहिलं. एरो फिनलंडात पुन्हा तळी रंगवतो. त्यांना नथ नसते.