खालच्या शेताचं काय?

राजम्याच्या दाण्याला पोटाशी एक बारीक डोळा असतो. शेंगेत दाणा जिथे चिकटलेला होता, ती ही खूण. कुठल्या वाणाचा डोळा पांढरा आणि कुठल्याचा तपकिरी कडेचा, हे आमच्या तलास खोऱ्यात शाळेतली पोरंही सांगतात. चव विचारली, की मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. राजमा आम्ही पिकवतो, झोडतो, पोत्यांत भरतो. तुर्की व्यापारी तो घेऊन जातात. खातो आम्ही मटण.

मी विद्यापीठात कृषिव्यवसायाच्या मुलांना पिकांची फेरपालट शिकवते. एकच पीक त्याच जमिनीत वर्षानुवर्षं घेतलं, की मूळकुज तिथे ठाण मांडते, हे फळ्यावर लिहून मी संध्याकाळी घरी येते. घरी माझे वडील एसेनगुल खालच्या शेतात दरवर्षी राजमाच लावतात. तिथली रोपं गुडघ्याला लागायच्या आत पिवळी पडतात. एकदा तिथे जव घ्या, असं मी त्यांना किती वसंतांपासून सांगते आहे. वडील नाही म्हणत नाहीत. "बघू," म्हणतात. "आधी चहा."

या 'बघू'वर शेजारचे मामिरही टांगलेले असतात. वडील पेरतील तेच पेरायचं, एवढाच त्यांचा शेतीचा अभ्यास. आणि अर्धी गल्ली मामिरांकडे बघून पेरते.

यंदा एप्रिल उजाडला. जव घ्यायचा तर याच आठवड्यात पेरायला हवा होता, आणि नेमकी तेव्हाच माझ्या वर्गाची पाहणी निघाली. प्रत्येक गटाने एका खऱ्या शेतकऱ्याकडे जाऊन त्याचा माल आणि त्याचं गिऱ्हाईक समजून घ्यायचं होतं. जिपारगुल नावाच्या मुलीच्या गटाने माझेच वडील निवडले. जिपारगुलची जीभ तिच्या दोन पावलं पुढे चालते.

"आजोबा, तुमचा राजमा लोकांना एवढा का आवडतो?"

"काहीतरी असणारच ना त्यात, पोरी. माणूस उगाच एवढे डोंगर ओलांडून ट्रक आणत नाही. आणि ही आमची सबिरा म्हणते, ते पीक सोडा!"

"पण तुम्हाला कसा लागतो?"

"मला?" वडील दचकले. "मी कशाला खाऊ? मी काय आजारी आहे?"

"म्हणजे कधीच नाही?"

वडिलांनी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे.

"मग आज खाऊ या," जिपारगुल म्हणाली.

आईचा चेहरा पडला. "पाहुण्यांपुढे बियाणं वाढू? गावात तोंड कुठे लपवू मी?"

पण पोरं ऐकेनात. शेवटी आईने राजमा धुऊन थेट कढईत टाकला आणि घराची अब्रू राहावी म्हणून वर मेंढीचं मटण घातलं. मटण शिजलं. राजमा पळीवर टणटण वाजत राहिला. आम्ही चहा प्यायलो. पुन्हा ढवळलं, पुन्हा टणटण. पुन्हा चहा.

"एजे," ताई म्हणावं तशी हाक मारून जिपारगुलने मला हळूच विचारलं, "हा आधी भिजवायचा असतो का हो?"

"उगवण तपासताना मी रात्रभर भिजवते," मी म्हणाले.

"म्हणजे हो की नाही?"

"हो."

"आणि हे तू आत्ता सांगतेस!" आई म्हणाली. "एवढं विद्यापीठ आहे घरात, आणि कढई कोरडी पडायला आली!"

मटणाच्या वासावर मामिर आले, टोपी सावरत आत बसले. दुपार कलताना राजमा एकदाचा मऊ झाला. सगळ्यांनी पद्धतशीर मटण वेचून खाल्लं. जिपारगुलनेसुद्धा. ताटात राजम्याचा ढीग तसाच उरला.

वडिलांनी चमचा उचलला. त्यातला एक दाणा बोटांत धरून आधी त्याचा डोळा बघितला, सवयीने. मग सगळा चमचा तोंडात घातला. त्यांनी सावकाश चावलं, आणखी एक चमचा घेतला.

"मीठ देऊ?" आईने विचारलं.

"थांब गं." तिसरा चमचा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाच?"

"हाच, बाबा."

"यासाठी ते इस्तंबूलहून येतात?"

"हो."

वडील न्यायी माणूस आहेत. त्यांनी आणखी थोडा वेळ जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"चांगला आहे," ते म्हणाले. "वाईट नाही म्हणता येणार. पण... एवढाही नाही."

मामिर पुढे सरकले. थोरल्या भावाला म्हणतात तसं ते वडिलांना 'अके' म्हणतात. "एसेनगुल-अके, मग खालच्या शेताचं काय?"

"बघू. आधी..." वडिलांनी किटलीकडे हात नेला. किटली हलकी लागली. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं. राजमा शिजेपर्यंत आम्ही घरातला सगळा चहा संपवला होता.

आईने डबा उलटा करून दाखवला. मी रिकामे पेले गोळा करू लागले. फळ्यावर लिहायचं ते सगळं माझं लिहून झालं होतं.

वडिलांनी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात त्यांचा घोडा रिकामी पाटी नाकाने ढकलत होता.

"त्याला जव आवडतो," वडील म्हणाले.

"पण अके, जव घेणार कोण?" मामिर कळवळले. "त्याच्यासाठी कोण डोंगर ओलांडतंय?"

"नाही ओलांडलं कुणी तर नाही. घोड्याने निदान खाऊन तरी बघितलाय." वडिलांनी चमचा ताटात उपडा ठेवला. "ऊठ मामिर, नांगर काढ. खालच्या शेतात यंदा जव."