परस्पर

"पण ते औषध नको, असं तुमचंच म्हणणं होतं ना?" डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मी? कशाला नको म्हणाले?"

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा एकाएकी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागला.

ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर. तिथं तिच्या शब्दाशिवाय कापड हलत नसे. पोटात गाठ निघाल्यापासून घरात मात्र तिला कोणी काही सांगेना. आराम कर, सगळं ठीक आहे, एवढंच.

डॉक्टरबाईंच्या लक्षात काय ते आलं. त्यांनी सरळच सांगितलं. "रोगाशी लढणाऱ्या पेशी तुमच्या गाठीपर्यंत पोचल्यात. पण शरीराच्याच काही पेशी, ज्यांचं काम एरवी लढाई आवरती घेण्याचं, त्या गाठीत ठाण मांडून बसल्यात. लढणाऱ्यांना त्याच गप्प करतात. त्यांना आवरणारं नवं औषध उन्हाळ्यात देणार होतो. खात्री नव्हती, पण संधी होती. घरचे म्हणाले, तुमची इच्छा नाही."

"मग आता द्या."

"आता लिव्हरला ते झेपायचं नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताडकन उठून बाहेर आली. बाकावर मुलगा बसला होता. त्याचा चेहरा बघताच तिला कळलं, यालाही ठाऊक होतं!

"तुला त्रास नको म्हणून गं," मागून येत नवरा पुटपुटला. "त्या औषधानं फार हाल होतात म्हणे."

"आणि आता काय मी ठणठणीत आहे? अहो, परक्याच्या कापडाला कात्री लावताना मी दोनदा विचारते, कापू ना म्हणून. तुम्ही माझ्या जिवाचा निकाल परस्पर लावून मोकळे झालात?"

"आई, चिडू नकोस, तब्येतीला..."

"चिडणार! उन्हाळ्यातच चिडायचं होतं मला! आराम कर, गप्प पड, सगळे मिळून गप्पच करत आलात!"

लोक बघत होते. बघेनात का! माया म्हणे. असली माया काय जाळायचीय?

घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या पहिल्याच वळणावर तिला धाप लागली. मुलाचे हात पुढे आले.

"आधी विचार."

"आई... धरू?"

"नको."

ती पायरीवर बसली. बापलेक दोन पायऱ्या खाली, हात मागे घेऊन उभे राहिले.