आईने फेकलेली बॅग

मशिदीत त्याला सगळे 'नवे भाई' म्हणत. मुसलमान होऊन त्याला बारा वर्षं झाली होती. कानशिलांवरचे केस पिकले, दोन दाढा गेल्या, तरी हा आपला नवाच. एवढ्या काळात नवी सूनसुद्धा जुनी होऊन सासूला उलट उत्तरं द्यायला लागते. याला मात्र दर रमजानमध्ये एका संध्याकाळी, रोजा सोडायच्या आधी, सगळ्यांसमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "नवे भाई, तुम्ही दीनमध्ये, आपल्या धर्मात, कसे आलात ते सांगा."

घडलं होतं ते फार साधं. आईला कळलं त्या दिवशी तिने ताट आपटलं, अबोला धरला, आणि हा स्वतःच रागाच्या भरात बॅग भरून निघाला. पहिल्या वर्षी त्याने एवढंच सांगितलं, तर लोकांनी जांभया दिल्या. दुसऱ्या वर्षी गोष्टीत आईने दार लावून घेतलं. चौथ्या वर्षी तिने बॅग रस्त्यावर फेकली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, पाण्याचा पहिला ग्लास त्याच्या हातात आला, आणि ती बॅग मग कायमची रस्त्यावरच राहिली. एरवी मशिदीच्या त्या सभागृहात त्याला आपलं म्हणणारं कोण होतं? गोष्ट होती म्हणून तो होता.

खरी आई फोनवर होती. रमजानचा महिनाभर रोज पहाटे तिचा फोन यायचा. "ऊठ रे. खाऊन घे काहीतरी, नाहीतर दिवसभर तडफडशील." त्याचं धर्म बदलणं तिला शेवटपर्यंत पटलं नाही, आणि ते ती तोंडावर बोलून दाखवायची. पण पहाटेची वेळ रोज थोडी थोडी सरकते, हे तिने पक्कं ध्यानात ठेवलं होतं. "आज एक मिनिट आधी उठवलंय," ती म्हणायची. "तुझा अल्ला मला ठाऊक नाही. तुझी झोप मला ठाऊक आहे."

चार महिन्यांपूर्वी ती गेली. मोबाइलचा गजर तो झोपेतच बंद करायचा, त्यामुळे यंदाचे निम्मे रोजे त्याने पहाटे काहीही न खाताच धरले. त्या दिवशीही तसंच झालं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तो चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या यंत्रावर होता. दुपारी चादर तिरकी गेली आणि रोलरमध्ये अडकून करपली. "अरे, हात गेला असता!" मुकादम ओरडला. "लक्ष कुठे आहे?"

लक्ष संध्याकाळवर होतं. रोजा सोडायच्या आधी मागितलेलं अल्लाह ऐकतो. इमामसाहेब तेव्हा सगळ्यांसाठी हात उचलतात. आज त्यात आईसाठी एक वाक्य हवं होतं. बस्स, एकच.

तो लवकर पोचला. इमामसाहेब खजुराच्या थाळ्या मांडत होते.

"साहेब, आज दुआमध्ये माझ्या आईचं नाव घ्याल?"

इमाम मवाळ माणूस. हातातली थाळी त्यांनी खाली ठेवली. "कलमा न पढताच, मुसलमान न होताच गेली ना ती?"

"हो."

"मग तिच्यासाठी माफी मागता येत नाही, भाई. तो नियम काही मी केलेला नाही." मग त्याचा पडलेला चेहरा पाहून ते जवळ सरकले. "मायाळू बाई असती, तर तिने मुलासाठी काय काय केलं ते मी बोललो असतो, आणि पुढचं अल्लाहवर सोडलं असतं. कुणी हरकत घेतली नसती. पण ज्या आईने पोटच्या पोराला बॅगेसकट रस्त्यावर काढलं, तिचं मी काय बोलू? तुम्हीच सांगा."

खोटं होतं ते. एवढे तीनच शब्द बोलायचे होते, आणि ते त्याच्या जिभेवर आलेही. पण सभागृह भरत होतं. पुढच्या रांगेतले म्हातारे रुमाल काढून तयार बसले होते. आता खोटं म्हटलं तर बारा वर्षांचा तो सगळाच खोटा ठरला असता, त्याच्या कलम्यासकट. आपण भेकड आहोत, हे त्याला तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं.

"चला, नवे भाई," इमामसाहेब म्हणाले, "वेळ थोडा उरलाय."

तो उभा राहिला. पहाटेच्या फोनपासून सुरुवात करायची असं त्याने ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि त्याने सवयीची वाट धरली. ताट, दार, बॅग. पोटात काही नव्हतं, घसा सुकला होता, आवाज मध्येच फुटत होता, त्यामुळे गोष्ट यंदा कधी नव्हे इतकी रंगली. एक म्हातारा तर हुंदके देऊन रडला.

इमामसाहेबांनी हात उचलले. आजाऱ्यांसाठी मागून झालं, प्रवाशांसाठी मागून झालं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"या अल्लाह, आमच्या या भावाला तू तसल्या आईच्या तावडीतून सोडवलंस. तुझे लाख उपकार."

"आमीन," सगळं सभागृह म्हणालं. त्यात सगळ्यांच्या आधी त्याचा आवाज होता. मग कुणीतरी पाण्याचा पहिला ग्लास त्याच्या हातात दिला, आणि दिवसभराची तहान होती, म्हणून त्याने तो घटाघटा रिकामा केला.